चालू स्पर्धांच्या यादीत कुस्ती का नाही?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : तुमच्या खेळांच्या ॲपमधल्या 'चालू स्पर्धा' यादीतली निवड, चुकीच्या नोंदी आणि वार्षिक वर्गणी परत मिळण्याबाबत

मघाशी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलानं "मॅम, तुमचं समाधान झालं का?" असं विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवला. समाधान झालेलं नाही. म्हणून आता लेखी देते.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. सकाळी प्रार्थनेआधी मैदानाच्या दारातल्या फळ्यावर 'आज काय चालू आहे' या मथळ्याखाली त्या दिवशीच्या स्पर्धा खडूनं लिहिते. मुलं ते वाचून वर्गात जातात. त्या फळ्यासाठी मी तुमच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली, कारण 'सगळे खेळ एका ठिकाणी' असं तुमच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं.

आज सकाळी तुमच्या यादीत सर्वांत वर काय होतं? युरोपातल्या दोन फुटबॉल क्लबांचा हंगामापूर्वीचा मैत्रीपूर्ण सामना. त्याखाली सिनेनटांचं क्रिकेट. त्याखाली परवाच संपलेला एक सामना, अजून 'चालू' म्हणून लाल ठिपक्यासह. आणि 'रेसलिंग'वर बोट ठेवलं की डब्ल्यूडब्ल्यूई.

याचबद्दल मी फोन केला होता. झालेलं बोलणं जसंच्या तसं देते, कारण तुमच्याकडे ते रेकॉर्ड होतं असं सुरुवातीलाच ऐकवलं जातं. ते काढून ऐका.

मी म्हटलं, तुमच्या यादीत कुस्ती नाही. तो म्हणाला, "आहे ना मॅम, रेसलिंगमध्ये बघा." मी म्हटलं, तिथं डब्ल्यूडब्ल्यूई आहे, मी कुस्तीबद्दल बोलतेय. तो म्हणाला, "मॅम, सेम आहे. कुस्ती म्हणजेच रेसलिंग." मी शांतपणे सांगितलं की ज्याचा निकाल लेखक आधी लिहून ठेवतात तो कार्यक्रम असतो, स्पर्धा नसते. बघणाऱ्यांनी तो खुशाल बघावा, पण खेळांच्या यादीत त्याला जागा नाही. यावर तो थोडा थांबला, कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "मॅम, तुम्हाला ती मातीतली पाहिजे का? ती स्पोर्ट्समध्ये येत नाही, कल्चरलमध्ये येते. जत्रा वगैरे."

जत्रा वगैरे.

मी त्याला विचारलं, खाशाबा जाधव हे नाव ऐकलंय का? नव्हतं ऐकलं. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक, तेही कुस्तीत, आणि तो माणूस आमच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, हे सगळं मी त्याला सांगितलं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "ओके मॅम, मी फीडबॅक नोट करतो. अजून काही मदत करू शकतो?" त्या मुलावर माझा राग नाही. त्याला समोर जे लिहून दिलंय ते तो वाचतो. कुस्तीचा रकाना 'कल्चरल'मध्ये कुणी टाकला, ते तुमच्या कार्यालयातल्या माणसाला ठाऊक आहे. त्याच्यावर माझा राग आहे.

आणि हा माती आणि मॅटचा वादही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबला जागतिक कुस्ती अजिंक्यपद स्पर्धा झाली. सगळ्या जगाचे मल्ल मॅटवर, रीतसर वजनगटांत. भारताची मल्ल अंतिम पंघाल हिनं ५३ किलो गटात कांस्य मिळवलं. आमच्या शाळेत मुली कुस्ती करतात, पहाटे तालमीत जाऊन येतात, त्या रोज फळ्यापाशी येऊन विचारायच्या, "मॅडम, अंतिमची कुस्ती कधी?" तुमच्या यादीत त्या आठवड्यात 'रेसलिंग'खाली डब्ल्यूडब्ल्यूईच होतं. मुलींना मी काय सांगायचं?

आता 'चालू' या शब्दाकडे वळते, कारण तो तुमच्या यादीचा मथळा आहे.

नेमबाज स्वप्नील कुसाळे आमच्याच जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत तो सातवा आला. पहिले आठ अंतिम फेरीत जातात. म्हणजे स्पर्धा संपली नव्हती, उलट खरी आता सुरू होणार होती. तुमच्या ॲपनं त्या संध्याकाळी नोंदीपुढे 'समाप्त' लिहिलं आणि ती चालू यादीतून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट २०२४ ला, त्यानं कांस्य मिळवलं. सारा जिल्हा टीव्हीपुढे बसलेला असताना तुमच्या यादीत नेमबाजी नव्हती. हे तेव्हाही कळवलं होतं. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' एवढं उत्तर आलं.

कसोटीचंही तेच. तिसऱ्या दिवशीचा खेळ थांबला की तुमच्याकडे सामना गायब, सकाळी पुन्हा हजर. बुद्धिबळात विश्रांतीचा दिवस आला की स्पर्धाच दिसेनाशी होते. पहिल्या दिवसापासून शेवटचा निकाल लागेपर्यंत स्पर्धा चालू असते. मधली रात्र, विश्रांतीचा दिवस, पावसानं गेलेला दिवस, हे सगळं त्यात धरतात. हे पाचवीतलं पोर सांगेल. आणि निकाल लागला की ती चालू नसते, मग तिचे हायलाइट्स कितीही लोक बघत असोत.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. तुमच्या यादीत तो नव्हताच. विचारल्यावर उत्तर मिळालं की 'त्या खेळाचा डेटा फीड येत नाही'. मग यादीवर तसं लिहा, की ज्या खेळांचे आकडे आम्हाला आयते विकत मिळतात तेवढेच इथं दिसतील. 'सगळे खेळ' म्हणू नका. खो-खोच्या सामन्याचा निकाल हातानं टाकायला एक माणूस पुरतो. दिवसभर जाहिरातींच्या सूचना पाठवायला तुमच्याकडे माणसं आहेतच.

माझं म्हणणं अवघड नाही. यादीत काय घ्यायचं याचा एक नियम ठरवा आणि तो ॲपवर लिहून लावा. निकाल आधी ठरलेला नाही, खेळाच्या संघटनेची मान्यता आहे आणि अजून विजेता ठरलेला नाही, अशी स्पर्धा असेल तर ती चालू स्पर्धा. जागतिक आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सगळ्यांना दिसाव्यात, मग त्या कुठल्याही खेळाच्या असोत. महिलांची स्पर्धा पुरुषांच्या शेजारी दिसावी, 'इतर'मध्ये तीन पानं खाली नको. प्रेक्षक किती आणि प्रक्षेपणाचे हक्क कुणाकडे यावर क्रम लावायचा असेल तर त्याला 'आमचे कार्यक्रम' असं नाव द्या. स्पर्धांची यादी म्हणू नका.

राज्य आणि शहर पातळीवरच्या स्पर्धा त्या त्या भागातल्या लोकांना दाखवा. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, फुटबॉल लीग दिल्लीतल्या माणसाला दिसावी असा माझा हट्ट नाही. पण नोंदणी करताना तुम्ही शहर विचारलंत, मी कोल्हापूर लिहिलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी हे इथले दोन फुटबॉल संघ समोरासमोर असतात त्या दिवशी निम्म्या पेठा गॅलरीत असतात, आणि तुमचं ॲप मला मात्र परदेशातला मैत्रीपूर्ण सामना दाखवतं. शहर विचारलंत कशाला? बुटांच्या दुकानाचे मेसेज पाठवायला? तेवढेच येतात.

आणि पुन्हा लिहिते, कारण फोनवर ते कुणाच्या कानात शिरलं नाही. डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे कुस्ती नव्हे. 'रेसलिंग'मधून ते काढा, मनोरंजनात टाका. कुस्ती 'कल्चरल'मधून काढा, खेळात टाका. हे पंधरा मिनिटांचं काम आहे.

सुरुवातीला मीच शाळेतल्या इतर शिक्षकांना तुमचं ॲप घ्यायला लावलं होतं. त्याचं आता वाईट वाटतं. तुमच्याकडे साधनं आहेत, भाषा मराठी ठेवलीय, अक्षर मोठं करता येतं, मुलांना वापरता येतं. एवढं असताना यादीतच हलगर्जीपणा करावा, हे मनाला लागतं.

या पत्रापासून पंधरा दिवसांत यादीचा नियम जाहीर करा आणि वरच्या चुका दुरुस्त करा. नाहीतर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. दोन्ही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल आणि त्यानंतर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे तारखेला तुम्हाला कोल्हापूरला यावं लागेल. जाहिरातीचा आणि आजच्या यादीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

एक वर्गणीदार क्रीडाशिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर