पित्झायोला असं कर

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालीस स्टेक चपलेसारखा झाला आणि मम्मी मागून ओरडत होती की कुकरला लाव, पण तिचं ऐकू नकोस, आपल्या घरी बीफ सात शिट्ट्यांशिवाय खाली उतरत नाही म्हणून तिला तसं वाटतं. पातळ कापाचं गणित वेगळं असतं, एक तर मिनिटभर तव्यावर नाहीतर मंद आचेवर पाऊण-एक तास, मधे कुठे थांबलीस की चप्पलच.

तू इटलीत तोरीनोला आहेस तर आता नापोलीवाल्यांचं पित्झायोला, म्हणजे टोमॅटोच्या सॉसमधले बीफचे काप, करून बघ. बोटीवर आमचा हेडकुक नापोलीचा होता, ड्युटी संपली की स्वतःसाठी हेच करायचा, वीस मिनिटात ताटात. खाटकाकडे जाऊन 'फेत्तीने दी मांद्झो' म्हणजे बीफचे पातळ काप माग, अर्धा सेंटिमीटर जाडीचे चार काप दोन जेवणांना पुरतात. कडेला पांढरा पडदा असेल तर सुरीने दोन-तीन ठिकाणी चिरा दे नाहीतर तव्यात वाटीसारखे वळतात. आणि टिशूने कोरडे कर, हे विसरू नकोस, ओलं मांस भाजत नाही ते नुसतं वाफवतं, रंगच येत नाही.

तवा चांगला तापू दे, ऑलिव्ह ऑइल, एका बाजूला मिनिटभर, उलटून अर्धा मिनिट, लगेच प्लेटमध्ये काढ. आत कच्चं वाटलं तरी काढ!! खिडकी आधीच उघडून ठेव, तुमच्या फ्लॅटमधला तो धुराचा अलार्म मला माहितीये. मग गॅस कमी करून दोन पाकळ्या लसूण ठेचून टाक, लाल झाली तर कडू होते म्हणून नुसता वास सुटेपर्यंत, आणि मग पेलातीचा, म्हणजे सोललेल्या टोमॅटोंचा, ४०० ग्रॅमचा डबा, टोमॅटो हातानेच कुस्कर. मीठ, चमचाभर सुका ओरेगॅनो, असतील तर थोडे केपर्स, त्या खारवलेल्या छोट्या कळ्या. कांदा नको, चीज पण नको. पिझ्झावर असतो तसलाच टोमॅटो-लसूण-ओरेगॅनोचा सॉस म्हणून तर नाव पित्झायोला. दहा मिनिटं उकळून दाट झाला की मांस परत आत सोड, प्लेटमध्ये सुटलेला रस पण ओत, दोन मिनिटं आणि बंद.

बिडाचा तवा असेल तर सॉस त्यात ठेवून देऊ नकोस हं, टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंडाची चव उतरते, स्टीलचा पॅन बरा.

सॉस मुद्दाम जास्त ठेव, तिकडे पुष्कळ घरांत तो आधी पास्त्यावर घेतात आणि मांस नंतर वेगळं खातात, म्हणजे एका पॅनमध्ये दोन जेवणं, तुझ्यासारख्या आळशी पोरीला बरंच. शेवटी पावाने ताट पुसून खायचं, त्याला ते 'स्कार्पेत्ता' म्हणतात, म्हणजे छोटा बूट. आपण वसईत तेच करतो तेव्हा मम्मी म्हणते पाहुण्यांसमोर नको.

आणि तिने बॅगेत कोंबलेला बॉटल मसाला, आपला घरचा तिखट मसाला, आज कपाटातच राहू दे. मला माहितीये हात जाणार तुझा, मी पण बोटीवर पहिल्यांदा टाकला होता, हेडकुकने दोन घास खाल्ले, काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी बरणी कुठे ठेवलीस विचारायला आला.

फोटो पाठव.

डॅडी