चार मिनिटांत गूळ

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुजाता,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. लगेच फोन करणार होते, पण हे तुला पुन्हा वाचता यावं असं वाटलं, म्हणून कागद घेऊन बसले.

जीडीत, म्हणजे त्या ग्रुप डिस्कशनमध्ये, तुला मुद्दा सुचला होता. वाक्यही मनात जुळत आलं होतं. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेला आणि पंधरा मिनिटं तू नुसती मान डोलावत बसलीस. बाहेर येऊन तू स्वतःला सांगितलंस की आपल्याला इंग्रजी येत नाही. अगं, येतं तुला. इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं इंग्रजीत वाचून पास होतेस ना? तुझ्या तोंडाला सवय नाही, एवढंच. ती कुठून असणार? २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आपण बारावीपर्यंत बारा वर्षं ते शिकलो. त्या बारा वर्षांत पुस्तकात नसलेलं एखादं तरी वाक्य आपण मोठ्यानं बोललो का? सर धडा वाचायचे, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगायचे, उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलतं करणं त्यांनाही जमण्यासारखं नव्हतं. बारा वर्षं पोहण्याचं पुस्तक वाचल्यावर कुणी आपल्याला विहिरीत ढकललं, तसं झालंय हे.

माझं काय झालं होतं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. एमएस्सीच्या पहिल्या सत्रात माझा सेमिनार कास पठारावर होता. आपलं कास! टोपली कारवी सात वर्षांनी कशी फुलते, हे मी तुला झोपेतही सांगितलं असतं. पण भाषण पाठ केलं होतं. तिसऱ्या मिनिटाला एक ओळ सुटली आणि तिच्यामागची सगळीच गेली. पुढे काय बोलले ते आठवत नाही. खोलीवर येऊन दार लावून रडले, एवढं आठवतं. पाठ केलेलं आणि बोललेलं यांत किती अंतर असतं, ते त्या दिवशी कळलं.

मला खरी मदत झाली ती माझ्या रूममेटची. ती इम्फाळची. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम, आणि मला मणिपुरी कुठून येणार? मग गीझर कुणी चालू ठेवला, बादली कुणाची, मेसची भाजी आज खाण्यासारखी आहे का, हे सगळं इंग्रजीत. दुसरी वाटच नव्हती. तिचंही इंग्रजी बिनचूक नव्हतं. पण शब्द अडला की ती थांबायची नाही, वळसा घालून पुढे जायची. गाळणी हवी होती तेव्हा म्हणाली, 'द थिंग विथ होल्स, फॉर टी.' मी उठून गाळणी दिली. संपलं काम! त्या जागी मी असते तर शब्द आठवेपर्यंत चहा निवला असता. हा वळसा घालायला शीक, सुजाता. माझ्या मते बोलण्यातलं निम्मं कसब त्यातच आहे.

दुसरी अडचण आपल्या वाक्याच्या ठेवणीत आहे. 'मी काल कराडहून आईसाठी औषध' इथपर्यंत आलो तरी आणलं की विसरलं ते मराठीत शेवटीच कळतं. इंग्रजीला क्रियापद दुसऱ्याच पावलावर लागतं. मनात मराठी वाक्य पूर्ण करून मग ते उलटवायला गेलीस की उशीर होणारच. म्हणून आधी कुणी आणि काय केलं तेवढं बोलून मोकळी हो, 'आय बॉट मेडिसिन', आणि मग कुठून, कधी, कुणासाठी ते मागे जोडत जा. महिनाभर मी ठरवून असं बोलले आणि मनातलं भाषांतर हळूहळू सुटलं. 'टोल्ड टु हिम' आणि 'डिस्कस अबाउट' ही आपल्या 'त्याला' आणि 'विषयी'ची देणगी. या चुका कळल्या की सुधार, पण त्यांच्या भीतीनं गप्प बसू नकोस.

आता सरावाचं. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी एका पद्धतीबद्दल लिहिलं आहे, चार-तीन-दोनची. एक विषय घ्यायचा, एका माणसाला चार मिनिटं सांगायचा. तोच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच, त्यामुळे काय बोलायचं याची चिंता उरत नाही आणि सगळं लक्ष बोलण्याच्या वेगाकडे जातं. मी कासचीच गोष्ट घेतली. पहिली श्रोती रूममेट, दुसरी शेजारच्या खोलीतली नांदेडची मुलगी, तिसरा मोबाइलचा रेकॉर्डर. चार मिनिटांत मी अकरा वेळा अडखळले होते, रेकॉर्डिंगमध्ये तीनदा. आनंदानं तेव्हाच तुला फोन केला होता, तू परीक्षेत होतीस. त्यात पाठांतर मात्र नको. वाक्य दर वेळी नवं होऊ दे.

उच्चारांची फार धास्ती घेऊ नकोस. आपली साताऱ्याची धाटणी राहिली तर काही बिघडत नाही. जोर कुठे द्यायचा तेवढं सांभाळ, कारण मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफरमध्ये 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. 'डेव्हलप' मी पहिल्या अक्षरावर आपटायचे, ते मधल्यावर हवं. आणि आपल्याकडे 'व' एकच, त्यांच्याकडे दोन: 'व्हेरी'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वेट'ला ओठ गोल होतात. आरशासमोर दोन दिवस करून बघ, तेवढं पुरे.

त्या तीस दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला आठ हजार भरू नकोस, सुजाता. कळकळीनं सांगते. मी भरले होते. नियम पुन्हा फळ्यावर आणि आम्ही पुन्हा वहीत. बोलणारे तिथेही एकटे सरच.

पुढच्या जीडीत पहिलं बोलायची धडपड नको. एकदोघांचं ऐक, मग त्यातल्या एकाच्या मुद्द्याला स्वतःचं उदाहरण जोड. वाक्य फसलं तर 'लेट मी पुट इट डिफरंटली' म्हण आणि पुन्हा सुरू कर, सगळे जण करतात ते. 'सॉरी फॉर माय इंग्लिश' मात्र कधीही म्हणू नकोस. कुणाचं काही लुबाडलेलं नाहीस तू.

उद्यापासून रोज रात्री साडेनऊला मी फोन करीन. पहिली दहा मिनिटं इंग्रजी, मग हवं तेवढं मराठी. उद्याचा विषय तुमचं गुऱ्हाळ. उसाचा रस काहिलीत पडल्यापासून ढेप होईपर्यंत काय काय होतं, ते मला चार मिनिटांत सांग. मळी कशी काढतात, भेंडीचं पाणी का घालतात, काकवी कधी उतरवायची हे आप्पांना कसं कळतं, सगळं. काहिलीला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधत बसू नकोस, 'अ ह्यूज आयर्न पॅन' म्हण आणि पुढे चल. परवा तेच तीन मिनिटांत माझ्या रूममेटला सांगायचं. तिला मी विचारलंय. तिनं गूळ खाल्लाय, पण तो होताना कधी पाहिला नाही, म्हणून ती वाट बघतेय.

काकूंना आणि आप्पांना नमस्कार.

तुझी,
वैशाली