त्या दोन कड्या

पाटण,
मे महिन्याची अखेर

चि. मुक्ता हिस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, जीप मूळची होती तशी करू की माझ्या सोयीची करू? काय ते एक सांग." मी उत्तर दिलं नाही. तुझे आजोबा, माझे अण्णा, जाताना ती तुझ्यासाठी ठेवून गेले, तेव्हा शेवटचा शब्द तुझाच. पण मला जे वाटतं ते फोनवर पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तू पाठवलेले दोघंही येऊन गेले. पहिला जुन्या गाड्या नव्यासारख्या करणारा. माणूस जाणता वाटला. विचारल्याशिवाय कशाला हात लावला नाही. दोन तास त्यानं जीप वरखाली पाहिली आणि जे जे कंपनीचं नाही त्यावर पिवळ्या खडूनं फुली मारली. दुसरा तुझ्या ओळखीतला. त्यानं टेप लावून मापं घेतली, डिझेल इंजिन कसं बसेल, मोठे टायर घालायला गाडी किती उचलावी लागेल, डोक्यावरच्या लोखंडी पिंजऱ्याचे पाय कुठे येतील, सगळं मला नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी दोघं गेल्यावर मी बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. मागच्या फळीच्या दोन्ही बाजूंना, बॉडीच्या काठावर, त्या दोन लोखंडी कड्या आहेत ना, त्यांच्यावर फुल्या होत्या. आणि पिंजऱ्याचे मागचे पाय नेमके तिथेच येणार आहेत. एकाचं काम दुसऱ्याच्या अगदी उलट, पण कड्या दोघांच्याही हिशेबात जातात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लहानपणी सुट्टीत आलीस की तू त्या कड्यांना बाहुलीचा झोका बांधायचीस. त्या कशासाठी आहेत हे मी तुला कधी सांगितलं नाही. अण्णा तर स्वतःबद्दल बोलणारे नव्हतेच.

11 डिसेंबर 1967. मी सात वर्षांची होते. पहाटे सव्वाचार वाजून गेले असतील. आधी आवाज आला, जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा, मग मांडणीवरची भांडी खाली आली आणि आजीनं मला पांघरुणासकट उचलून अंगणात नेलं. कौलं पडत होती. अण्णांनी जीप गोठ्यातून बाहेर काढून तिचे दिवे घराकडे लावले, कोणी आत राहिलंय का ते दिसावं म्हणून. मला त्या रात्रीचा तो पिवळा उजेड आठवतो आणि त्यात उडणारी मातीची धूळ आठवते. उजाडता उजाडता कोयनानगर पुरतं कोसळल्याची बातमी आली. अण्णा औषधांची पेटी आणि दोन माणसं घेऊन निघाले ते तिसऱ्या दिवशी घरी आले.

तिकडे माणसं बाजांवरून आणि घरांच्या दारांवरून आणत होते. आपली जीप केवढीशी, तुला माहीतच आहे; मागे आडवं माणूस मावत नाही. अण्णांनी डावीकडची पुढची सीट काढून टाकली आणि बाज लांबीनं आत सरकवली. पायाकडचा भाग फळीबाहेर राहायचा. दोरी जिथे मिळेल तिथे बांधायची. पहिल्या खेपेला कराडच्या वाटेवर दोरी सुटली आणि मांडीचं हाड मोडलेल्या एका बाईंची बाज मागे घसरली. मागे बसलेल्या माणसानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली म्हणून निभावलं. कराडला पेशंट उतरवल्यावर अण्णा थेट एका गॅस वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि त्या दोन कड्या मारून घेतल्या. त्यानं पैसे घेतले नाहीत. हे मला अण्णांनी नव्हे, त्या वेळी सोबत असलेल्या कंपाउंडरकाकांनी सांगितलं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या कड्या रिकाम्या राहिल्या नाहीत. वरच्या वाड्यांतून बाळंतपणासाठी अडलेल्या बायका, साप चावलेली माणसं, झाडावरून पडलेली पोरं, सगळी त्याच दोरीनं बांधून खाली आली. हात लावून बघ, डाव्या कडीचा आतला भाग दोरीनं घासून घासून गुळगुळीत झालाय, अगदी विहिरीच्या काठासारखा. उजवी तेवढी झिजलेली नाही, कारण बाज नेहमी डाव्या बाजूला असायची.

म्हणून "मूळची" या शब्दाशी मी अडले. मूळची म्हणजे कोणती? कारखान्यातून 1960 साली निघाली ती? धरणाचं काम उरकत आल्यावर 1965 साली अण्णांनी एका ठेकेदाराकडून विकत घेतली ती? की 1967 च्या डिसेंबरात कड्या लावून घरी आली ती? मला विचारशील तर माझ्या लेखी शेवटचीच मूळची. त्या खडूवाल्या माणसाचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्याला कंपनीची गाडी हवी आहे. मला अण्णांची हवी आहे.

आता तुझ्या बाजूचं. स्टिअरिंग वळवताना तुझं मनगट दुखायचं, घाटात मागच्या गाड्या हॉर्न मारतील अशी तुला धास्ती आहे, शनिवारी-रविवारी तुझ्या मित्रमैत्रिणी फोर बाय फोर घेऊन डोंगरात जातात आणि तुला आजोबांच्या जीपमधून जायचंय. हे मला मनापासून आवडलं. ती जीप काचेच्या पेटीत ठेवायची वस्तू नाही. पण इंजिन बदलण्याआधी ते इंजिन काय आहे ते एकदा समजून घे.

आपलं मॉडेल सीजे-3बी. विलीज कंपनीनं ते 1953 मध्ये आणलं आणि पुढे महिंद्रानं इथे बनवलं. जीप जुळवायला त्यांनी मुंबईत त्याआधीच, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली होती. तिचं बोनेट असं कपाळ उंच केल्यासारखं का दिसतं हे तू एकदा विचारलं होतंस. कारण इंजिन. आधीच्या जीपला दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. हरिकेन नावाच्या या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, धूर बाहेर सोडणारा खालीच ठेवला. ताकद 60 अश्वशक्तीवरून सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं, आणि ते झाकायला बोनेट उंच करावं लागलं. म्हणजे हे इंजिन काढून दुसरं घातलंस तर ते उंच बोनेट उगाच उंच राहील. मला त्या विचारानंच वाईट वाटतं.

2.2 लिटरचं ते पेट्रोल इंजिन पळायला नाहीच. गिअरच्या दांड्याशेजारचे दोन आखूड दांडे आठव: एकानं पुढची चाकं जोडली जातात, दुसऱ्यानं लो लागतो. लो टाकला की गाडी माणसाच्या चालीनं चढते आणि ओढ अडीचपट होते. अण्णा चिखलात कधी जोर लावायचे नाहीत. पहिला, लो, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून जवळजवळ काढलेला. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकायचा. चढावर अर्ध्यात आठवण झाली तर उशीर झालेला असतो. हे हाताला बसायला एक पावसाळा लागतो. तू ती अजून एकही पावसाळा चालवलेली नाहीस, मुक्ता. अण्णांनी 2013 नंतर चालवली नाही, आणि तुझ्या वाट्याला आली ती फक्त अंगणातल्या अंगणात.

कायद्याचंही ऐक, मी कराडच्या वकिलांना विचारून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर जे नोंदलंय ते बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं आहे. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी. "सगळे करतात, कोणी विचारत नाही," असं तो टेपवाला म्हणाला. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीनं कागद मागितले तर ते "सगळे" तुझ्या शेजारी उभे राहणार नाहीत. दुसरं म्हणजे, 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. तिला जुना नंबर ठेवता येतो, नोंदणी दहा वर्षं चालते. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको, आणि मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. खडूवाल्याला तेच करायचंय. मला आत्ता ते नको आहे, कारण तू तिच्यातून वरच्या वाड्यांवर गेलेली मला बघायची आहे. पण तो दरवाजा उघडा राहू दे. इंजिन एकदा भंगारात गेलं की तो बंद झाला.

सर्वात आधी आरसीवर तुझं नाव चढव. वारसाचा फॉर्म 31 असतो. अण्णांचा मृत्यूचा दाखला माझ्याकडे आहे, बाकीचं आपण दोघी जाऊन करू.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मूळपणाचा हट्ट मी मुळीच धरणार नाही. त्या काळच्या गाड्यांसारखीच हिलाही चारही चाकांना मिळून एकच लाइन आहे. कुठे एका जागी गळती लागली की चारही ब्रेक जातात. कुंभार्ली घाटात अण्णांना हे एकदा अनुभवावं लागलं, मी शेजारी बसलेले. ब्रेकचं पेडल थेट तळाला टेकलं. त्यांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली, इंजिनावर वेग तोडला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घालून थांबवली. माझ्या गुडघ्यावर त्यांचा डावा हात होता, तो त्यांनी गाडी थांबल्यावरही बराच वेळ काढला नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळी लाइन देणारा मास्टर सिलिंडर बसवून घे, सगळे पाइप नवे घाल, सीटबेल्ट लाव. पैसे मी देते.

पॉवर स्टिअरिंग बोल्टनं बसतं आणि बोल्टनं निघतं अशी सोय निघाली, तर त्यालाही माझी हरकत नाही. तुझी मनगटं मला त्या लोखंडाहून प्यारी आहेत. पण आधी किंगपिन (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळ्या), बेअरिंग आणि टायरची हवा बघून घे. अर्धा जडपणा तिथेच असतो, असं आपले जुने मिस्त्री सांगतात. चेसिस कापायची नाही, बॉडीला नवी भोकं पाडायची नाहीत. फ्लोअरच्या खालच्या आडव्या पट्ट्या गंजल्यात, मी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, दोन ठिकाणी आरपार गेला. तेवढा पत्रा बदलावाच लागेल. डाव्या मडगार्डचा पोचा राहू दे. रंग तर यंदा नकोच. लावायचाच असेल तर कड्यांवर लावू नकोस, तो घासलेला भाग उघडा राहू दे.

मिस्त्रींना मी गेल्या आठवड्यात बोलावलं होतं. आता त्यांना खाली वाकवत नाही, म्हणून ते स्टुलावर बसून सांगत होते आणि काम मी केलं. चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि चार दिवस तसंच ठेवलं. काल सकाळी पुढून हँडल घातलं. पहिल्यांदा हललंच नाही. दुसऱ्यांदा जरासं, मग एकदम पाव फेरा, आणि पंखा फिरला. पात्यांवरचं कोळ्याचं जाळं तुटलं. इंजिन जाम नाही, मुक्ता! मिस्त्रींनी डोळे पुसले आणि चहा मागितला. बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेणं, लागलंच तर कोल्हापूरला उद्यमनगरात करून आणू, पण त्यांच्या मते कदाचित लागणारही नाही.

येताना पुण्याच्या नाना पेठेतून पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, पॉइंटचा सेट आणि प्लग घेऊन ये. इंजिन नंबर लिहून पाठवते, दुकानात तोच दाखव. मिस्त्री रविवारी सकाळी नऊला येतात. हँडल तूच मारायचंस असं त्यांनी बजावलंय. पकडताना अंगठा मुठीच्या पलीकडे वळवायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि खालून वर ओढायचं. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून निसटून जातं, अंगठा मोडत नाही. अण्णांनी मला हे याच अंगणात शिकवलं होतं.

तुझी,
आई