सरकार उलथवायचा हक्क, आणि बाबांचं रविवारचं भांडण

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही एवढे तापलात की आईने फोनच काढून घेतला, माझं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. मोठ्या अक्षरात प्रिंट काढलीय, चष्मा शोधायचं कारण सांगू नका.

तुमचं म्हणणं, सरकारच लोकांच्या जिवावर उठलं तर लोकांनी ते उलथून टाकायचं, कायदा-बियदा गेला चुलीत. अर्धं मला पटतं. यूएनच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय की कायद्याने हक्क सांभाळले नाहीत तर माणसाला शेवटचा उपाय म्हणून बंड करावं लागतं. जर्मनीने तर १९६८मध्ये घटनेतच घातलं, कुणी ही लोकशाही व्यवस्थाच मोडायला निघालं तर प्रतिकाराचा हक्क आहे, पण दुसरा इलाज उरला नसेल तरच.

तुम्ही नेमकं हे 'तरच' खाऊन टाकता!

बाबासाहेबही तेच म्हणाले होते, २५ नोव्हेंबर १९४९ला, घटना समितीत. सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा बाकीचे मार्ग समजण्यासारखे होते, आता ते उघडे आहेत तर सत्याग्रहसुद्धा सोडा. पण मार्ग बंद झाला हे ठरवणार कोण? तिथेच सगळी गोची आहे.

आणीबाणीत तो जवळजवळ बंदच होता की. १९७६ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की अटकेविरुद्ध हायकोर्टात जाताच येणार नाही. सुनावणीत न्या. खन्नांनी विचारलं, मग जिवाचं काय? तर सरकारचे अॅटर्नी जनरल म्हणाले, बेकायदा जीव घेतला तरी कोर्ट काही करू शकत नाही. विरोधात एकटे खन्नाच गेले आणि पुढे त्यांचं चीफ जस्टिसपद हुकलं. मग १९७७ला इलेक्शन लागलं आणि आपल्या गोरेगावच्या, पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताई गोरे जिंकल्या आणि इंदिराबाई हरल्या, 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में', तुम्हीच ओरडून दाखवायचात. एकही दगड न मारता सरकार गेलं, आणि नव्या सरकारने ४४वी दुरुस्ती करून आणीबाणीतही जगण्याचा हक्क काढता येणार नाही असं करून ठेवलं.

पण हां, ते इलेक्शन इंदिराबाईंनी स्वतः लावलं होतं. नसतं लावलं तर? इथे तुमचा मुद्दा जड आहे, मान्य.

बांगलादेशचं म्हणाल तर विद्यार्थी पोरांनी रस्त्यावर उतरून शेख हसीनांचं सरकार घालवलं ते मी चूक म्हणणार नाही, यूएनच्या अंदाजाने १४०० पर्यंत माणसं मेली असतील, बहुतेक सुरक्षा दलांच्याच गोळ्यांनी, आणि मागची इलेक्शनं कशी झाली ते जगाने पाहिलंय. पण हसीना ५ ऑगस्ट २०२४ला पळाल्या आणि सहा महिन्यांनी जमावाने ढाक्यात धानमंडीतलं त्यांच्या वडिलांचं, बांगलादेश घडवणाऱ्या मुजीबांचं घर जेसीबी लावून पाडलं, ते कुठल्या हक्कात बसतं? सरकार पडलं तरी रस्त्यावर आलेला जमाव लगेच घरी जात नाही बाबा. आणि वीजबिल वाढलं, रस्त्यात खड्डे पडले की लगेच 'उलथून टाका' म्हणणं म्हणजे त्या पोरांच्या मरणाची किंमत कमी करणं आहे, राग आला तरी चालेल.

आई, तू महागाईविरुद्ध बायकांच्या लाटणी मोर्चाला गेली होतीस ना, तेव्हा डोक्यात सरकार पाडायचं होतं की तेल-साखरेचा भाव? यावेळी बाबांना फोन देऊ नकोस, तूच सांग.

तुमची,
ताई