पापनिवेदनातली राहून गेलेली भरपाई

महोदय,

राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी कॅथलिकांचा उपवास असतो. एकच पूर्ण जेवण, मांस वर्ज्य. तो नेमाने पाळणारेही पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करून क्षमा मागण्याच्या संस्कारात, कमी पडतात. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई ही त्याची तीन अंगे. धर्मगुरूंनी सांगितलेल्या प्रार्थना म्हटल्या की हिशेब मिटला, असे समजून तिसरे अंग सर्रास गुंडाळले जाते. चर्चची शिकवण तर स्पष्ट आहे: चोरलेले परत करा, कुणाची बदनामी केली असेल तर ती दूर करा. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायला तयार झाला, त्यावरच येशूने त्या घराला तारण (पापातून मुक्ती) लाभल्याचे सांगितले. मजुरी बुडवून वेदीवर फुले वाहणाऱ्यांनी आधी मजुराचे पैसे चुकते करावेत. उपवासकाळातल्या प्रवचनांत हे आडपडदा न ठेवता सांगायला हवे.

– एक वाचक, वसई