टेरीपॅराटाइडचं पेन दोनदा खराब पोहोचल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
औषध घरपोच सेवा

महोदय,

ठिसूळ हाडांच्या ७४ वर्षांच्या पेशंटसाठी खानापूर तालुक्यातल्या पत्त्यावर मागवलेलं टेरीपॅराटाइडचं पेन (हाडं बळकट करणाऱ्या औषधाचं, रोज टोचायचं इंजेक्शन) तुम्ही दोनदा पाठवलं. दोन्ही वेळा ते वापरण्याजोगं राहिलेलं नव्हतं.

पहिलं पार्सल शनिवारी बेळगावच्या कुरिअर गोदामात आलं आणि सोमवारी दुपारी हातात पडलं. मे महिना! गारव्यासाठी घातलेले जेल पॅक कोमट झालेले, पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरवर २९ अंश. हे औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. तुमच्या फोनवरून सल्ला मिळाला, "द्रावण स्वच्छ दिसतंय ना, मग फ्रीजमध्ये ठेवून वापरा." हा सल्ला धोक्याचा आहे. टेरीपॅराटाइड ही ३४ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, साखळी. उष्णतेनं ती बिघडली तरी द्रावण नितळ दिसू शकतं. गढूळ झालं तर टाकायचंच. पण नितळ आहे म्हणजे चांगलं आहे, असं नव्हे. रोज २० मायक्रोग्रॅम टोचून घ्यायचे आणि त्यात किती दम उरलाय ते कुणालाच माहीत नाही, ही कसली उपचारपद्धत?

बदली पेनच्या वेळी उलटं झालं. फ्रीझरमधून काढलेले जेल पॅक थेट पेनला लावलेले, कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनातल्या औषधाच्या नळीत, बर्फाचे कण. गोठलेलं पेन वितळवून वापरता येत नाही. फ्रीझरचा पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो. त्याच्यावर पाण्याचे थेंब जमेपर्यंत तो बाहेर ठेवायचा, मग पेन आणि पॅक यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घालायचा. लसीकरणाच्या दिवशी गावातल्या नर्सताई आइसपॅक हलवून आत पाणी डचमळतंय याची खात्री करतात, तेव्हाच लसीच्या पेटीत घालतात. तुमच्या गोदामात एवढंही का होऊ नये?

यात ९ डोस चुकले. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दोनदा टोचून भरून काढता येत नाही, आणि हे औषध साधारण २४ महिनेच देतात.

माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्याकडे घराघरांत मराठी नाहीतर कन्नड वाचतात. सुई दर वेळी नवी आणि टोचल्यावर लगेच काढायची, नाहीतर औषध गळतं, हवेचे बुडबुडे शिरतात. चक्कर येऊ शकते म्हणून पहिले काही डोस बसून किंवा आडवं होऊन घ्यायचे. पेन उघडल्यापासून २८ दिवसांनी औषध उरलं तरी टाकायचं. या चार ओळी ठळक मराठी-कन्नडमध्ये छापायला काय अडचण आहे?

दोन्ही पेनांची पूर्ण रक्कम परत करावी. नवं पेन सोमवार ते बुधवारातच रवाना करून, तापमान नोंदवणाऱ्या यंत्रासह पाठवावं. फोनवर असा सल्ला देणं थांबवावं. बॅच क्रमांक आणि फोटो जोडले आहेत, दोन्ही पेनं राखून ठेवली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले ग्राहक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव