माहिती सापडत नाही म्हणूनच ती फुटते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत असल्यामुळे भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान-मध्यम कारखान्यांतही आता या विषयाची धावपळ दिसते. गुणवत्ता विभागातून निवृत्त झाल्यावर मी अजूनही दोन-तीन ठिकाणी सल्ल्यासाठी जातो. तिथे या धावपळीचा अर्थ बहुधा एकच लावलेला आढळतो : पेन ड्राइव्हची सोय बंद करा, फोल्डरना कुलपे लावा आणि प्रत्येक फाइलसाठी एक सही वाढवा. हा अर्थ अपुरा आहे, आणि काही बाबतींत उलटा परिणाम करणारा आहे, असे माझे मत आहे.

संगणक येण्यापूर्वी आमच्या कारखान्यात ड्रॉइंगची, म्हणजे सुट्या भागांच्या मापांसह काढलेल्या आराखड्यांची, एक खोली होती. तिला खिडकी होती आणि खिडकीमागे एक जाडजूड नोंदवही होती. ड्रॉइंगची प्रत हवी असेल तर ‘कंट्रोल्ड कॉपी’ असा शिक्का मारून ती मिळे आणि कोणी, कधी, कोणत्या मशिनसाठी नेली हे वहीत लिहिले जाई. नवे रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती) आले की तिथला लिपिक वही पाहून जुन्या प्रती परत मागवी आणि त्यांवर रद्द झाल्याचा शिक्का मारी. हवी ती गोष्ट पाच मिनिटांत मिळत असल्यामुळे तिथून चोरून प्रत काढावी असे कोणाच्या मनातही येत नसे. (खोलीत उंदीर होते आणि पावसाळ्यात छत गळायचे, तेव्हा त्या काळाचे फार कौतुकही नको.)

संगणक आल्यावर ड्रॉइंग सर्व्हरवर गेली, खिडकी बंद झाली आणि तिच्याबरोबर वहीही गेली. प्रत्येक विभागाने आपापले फोल्डर केले आणि त्यात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नक्की’ अशा नावांच्या फाइली साठत गेल्या. एका दुसऱ्या पाळीत एका सुट्या भागाचे ड्रॉइंग बाहेरच्या पुरवठादाराला तातडीने हवे होते. ते उघडण्याची परवानगी ज्यांच्याकडे होती ते संध्याकाळी सहाला घरी गेले होते. पाळीवरच्या अभियंत्याने आपल्या मोबाइलमध्ये पूर्वी साठवलेली प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली. ती आधीच्या रिव्हिजनची होती आणि मधल्या काळात एका छिद्राची टॉलरन्स (मापात चालणाऱ्या फरकाची मर्यादा) बदलली होती. सगळी खेप नाकारली गेली. चौकशीत दोष अभियंत्यावर आला, परवानगीच्या वाटेवर आणखी एक सही वाढली आणि त्यानंतर पाळीवरचे लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच अधिक विसंबू लागले, कारण आता अधिकृत वाट पूर्वीपेक्षाही लांब झाली होती.

याच चौकशीत आणखी एक गोष्ट सहज लक्षात आली, जिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. कॅन्टीनच्या कंत्राटदाराला कामगारांची यादी लागते म्हणून कार्मिक विभागाने एक एक्सेल शीट सर्वांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवले होते. त्यात नाव आणि टोकन क्रमांकाबरोबर आधार क्रमांक आणि बँक खात्याचे क्रमांकही होते, आणि ते कित्येक महिने तसेच पडून होते. म्हणजे ज्याला कामासाठी ड्रॉइंग हवे त्याला ते मिळत नव्हते, आणि ज्याची कोणाला गरज नव्हती ते सर्वांपुढे उघडे होते. हे कुलूप कमी असल्याने घडले नाही. कोणती माहिती कोणाची, कोणत्या कामासाठी आणि किती काळ, याचा विचारच झालेला नव्हता.

नव्या नियमांत सुरक्षिततेसाठी जे अपेक्षित आहे, ते त्या जुन्या खिडकीच्या बरेच जवळ जाणारे आहे. माहितीपर्यंत कोण पोहोचू शकतो यावर नियंत्रण ठेवावे, कोण पोहोचला याची नोंद ठेवून तिची तपासणी करावी आणि ती नोंद एक वर्ष जपावी, असे त्यात आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. रोजगाराशी संबंधित कामांसाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरताना प्रत्येक वेळी त्याची संमती घ्यावी लागत नाही, पण ती सांभाळण्याची जबाबदारी त्यामुळे सुटत नाही. अर्थात हा कायदा वैयक्तिक माहितीपुरता आहे. ड्रॉइंग, दरपत्रके, डायचे (साच्यांचे) आराखडे यांची शिस्त कंपनीने स्वतःच लावायची आहे, आणि ती दोन्हींसाठी एकच असलेली बरी.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट अगदी साधी आहे : फाइल उघडता आली नाही तरी चालेल, पण ती आहे, तिचे चालू रिव्हिजन कोणते आणि ती कोणाकडे मागायची, हे कामाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला दिसले पाहिजे. यासाठी प्रत्येक प्रकारच्या माहितीचा एक जबाबदार माणूस ठरवावा लागतो आणि तो आयटी विभागातला असून चालत नाही, कारण दरपत्रकातला कोणता दर जुना झाला हे खरेदी विभागालाच कळते. परवानगी माणसाच्या नावावर न देता पदावर द्यावी, म्हणजे बदली झाली की ती आपोआप सुटेल. आम्ही तपासले तेव्हा स्टोअरमधून गुणवत्ता विभागात येऊन सहा वर्षे झालेल्या गृहस्थांकडे स्टोअरचे सर्व अधिकार तसेच होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत परवानगी देऊ शकणारा कोणीतरी हजर असलाच पाहिजे. कॅन्टीनला नाव आणि टोकन क्रमांक पुरतो, तेव्हा तेवढेच द्यावे.

नोकरी सोडणारा माणूस दरपत्रक घेऊन प्रतिस्पर्ध्याकडे जातो, ही मालकांची भीती खोटी नाही. मी ते घडताना पाहिले आहे. पगार, निविदा आणि नव्या डिझाइनना कुलूप हवेच. पण ज्याला न्यायचेच आहे तो पडद्याचा फोटो काढतो. अशा वेळी कोणी काय उघडले याची नोंद उपयोगी पडते, आणि सगळेच काम व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असेल तर ती नोंद उरतच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे हा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांवर निर्बंध घातले. त्यांनाही काम लवकर उरकायचे होते, इतकेच. दुसरीकडे कंपनीच्या आतच फाइली धुंडाळून उत्तर देणारी साधने येत आहेत. विचारणाऱ्याला जे पाहण्याची परवानगी आहे तेच ती दाखवतात, हे खरे. पण ती परवानगीच मुळात ढिली असेल तर आजवर कोणाच्या लक्षात न आलेले कॅन्टीनचे ते शीट एका साध्या प्रश्नावर पुढे येईल.

या विषयावर औद्योगिक संघटना कार्यशाळा घेत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. माझी विनंती एवढीच आहे, की तिथे मालक, वकील आणि सॉफ्टवेअर विक्रेते यांच्याबरोबर स्टोअरकीपर, कार्मिक विभागातील लिपिक आणि रात्रपाळीचे पर्यवेक्षक यांनाही बोलवावे आणि गेल्या आठवड्यात कोणती फाइल त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर मागावी लागली, हे त्यांना सर्वांत आधी विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गुणवत्ता अधिकारी, चिंचवड